पांढऱ्या रस्त्यांवरच्या जुन्या सायकली

‘एरोइका’ हा शर्यतीच्या जुन्या सायकलींचा जगातला सर्वांत नावाजलेला उत्सव आहे. इटलीतील तोस्काना प्रांतात, सिएना शहराच्या ईशान्येला, द्राक्षमळ्यांनी वेढलेले गायोले इन कियांती नावाचे छोटे गाव आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी देशोदेशींचे हजारो सायकलस्वार या गावातून निघतात. अंगात लोकरी जर्सी, पायांत कातडी बूट आणि हाताशी १९८७ किंवा त्यापूर्वी बांधलेली सायकल, असा त्यांचा थाट असतो. ही शर्यत नव्हे. इथे पहिला-दुसरा क्रमांक काढत नाहीत. वाटेतल्या ठरलेल्या ठाण्यांवर कार्डावर शिक्के घ्यायचे आणि दिवस मावळायच्या सुमारास गायोलेला परत पोचायचे, एवढाच नियम. जुन्या सायकलींच्या हौसेपोटी हा उत्सव भरतो, असे पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात तो सुरू झाला रस्ते वाचवण्यासाठी.

कच्च्या रस्त्यांची राखण

कियांतीच्या टेकड्यांत आणि सिएनाच्या दक्षिणेला पसरलेल्या ‘क्रेते सेनेसी’ या उघड्याबोडक्या, मातकट डोंगराळ पट्ट्यात डांबर न घातलेले असंख्य रस्ते आहेत. स्थानिक चुनखडीच्या बारीक खडीमुळे ते पांढरेफटक दिसतात, म्हणून इटालियनमध्ये त्यांना ‘स्त्रादे बियांके’ म्हणजे पांढरे रस्ते म्हणतात. शेतघरे, मळे, चर्च आणि किल्ले यांना जोडणारे हे जुने वहिवाटीचे मार्ग आहेत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोटारी वाढल्या तसे त्यांच्यावर एकामागून एक डांबर पडू लागले. डांबर पडले की वाहनांचा वेग वाढतो, वळणे सरळ करावी लागतात, कडेची झाडे जातात आणि बघता बघता त्या भागाचे रूपच पालटते.

गायोलेचे जान्कार्लो ब्रोक्की यांनी यावर १९९७ साली एक उपाय काढला. रस्ता वाचवायचा तर त्याचा वापर वाढला पाहिजे, आणि तो कच्चा आहे म्हणूनच लोक तिथे आले पाहिजेत. सायकलींच्या शर्यती ज्या काळात अशाच रस्त्यांवर होत, त्या काळच्या सायकली घेऊन यावे, असे आवाहन त्यांनी केले. पहिल्या वर्षी ९२ जण आले. आज सहभागी होणाऱ्यांची संख्या काही हजारांत आहे आणि आयोजकांना तिच्यावर मर्यादा घालावी लागते. सुमारे २०९ किलोमीटरचा मूळ मार्ग आता खुणांच्या पाट्यांसह कायमचा आखला आहे. त्यातले जवळपास निम्मे अंतर कच्च्या रस्त्यांचे आहे. कोणीही, कोणत्याही महिन्यात, कोणतीही सायकल घेऊन त्यावरून जाऊ शकतो.

या उत्सवातूनच व्यावसायिक सायकलपटूंची एक मोठी शर्यत जन्माला आली. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये ती पहिल्यांदा झाली. दुसऱ्या वर्षापासून ती मार्चमध्ये होऊ लागली आणि पुढे ‘स्त्रादे बियांके’ याच नावाने ओळखली जाऊ लागली. २०१५ पासून महिलांचीही शर्यत होते. दोन्हींचा शेवट सिएनाच्या प्रसिद्ध पियाझ्झा देल काम्पो या चौकात होतो. २०१० मध्ये ‘जिरो दितालिया’ या इटलीच्या राष्ट्रीय सायकल शर्यतीचा एक टप्पाही भर पावसात याच रस्त्यांवरून माँताल्चिनो गावापर्यंत गेला. तो जिंकणारा विश्वविजेता कॅडेल इव्हान्स अंतिम रेषेवर आला तेव्हा त्याच्या जर्सीवरचे इंद्रधनुषी पट्टे चिखलाखाली झाकले गेले होते. ज्या रस्त्यांना कोणी वाली उरला नव्हता, ते अवघ्या दहा-बारा वर्षांत इटलीच्या क्रीडाजीवनातला मानाचा ठेवा झाले.

वीरांचा काळ

‘एरोइका’ म्हणजे वीरांची. हे नाव सायकल शर्यतींच्या आरंभकाळाला उद्देशून आहे. ‘तूर द फ्रान्स’ १९०३ मध्ये आणि ‘जिरो दितालिया’ १९०९ मध्ये सुरू झाली. त्या दिवसांत एकेक टप्पा तीनशे-चारशे किलोमीटरांचा असे, रस्ते धुळीचे आणि चिखलाचे असत, आणि सायकल मोडली तर ती स्वारानेच दुरुस्त करावी असा कडक नियम होता. १९१३ च्या ‘तूर’मध्ये युजेन क्रिस्तोफ याच्या सायकलचा पुढचा चिमटा पिरेनीज पर्वतातील तूरमाले घाटात मोडला. त्याने सायकल खांद्यावर घेऊन दहा किलोमीटरांहून अधिक अंतर पायी तुडवले, खालच्या सेंत-मारी-द-काँपाँ गावातली लोहारशाळा गाठली आणि स्वतःच्या हाताने चिमटा सांधला. या कामात एका मुलाने भाता हलवून मदत केली, तेवढ्यावरून त्याला दंड म्हणून जादा मिनिटे लावण्यात आली.

इटलीत या काळाची आठवण जिनो बार्ताली आणि फाउस्तो कोप्पी या दोन सायकलपटूंच्या नावांशी जोडलेली आहे. बार्ताली तोस्कानाचाच. त्याचा जन्म १९१४ मध्ये फ्लॉरेन्सजवळ झाला. त्याने ‘तूर’ १९३८ मध्ये जिंकली आणि मधे महायुद्ध होऊन गेल्यावर, दहा वर्षांनी, १९४८ मध्ये पुन्हा जिंकली. युद्धकाळात सरावाच्या निमित्ताने तो फ्लॉरेन्स ते असिसी असा लांबचा प्रवास करी आणि सायकलच्या फ्रेमच्या नळ्यांत बनावट ओळखपत्रांचे कागद लपवून नेई. त्या कागदांमुळे अनेक ज्यूंचे प्राण वाचले. हयातीत त्याने याविषयी क्वचितच तोंड उघडले. इस्रायलच्या ‘याद वाशेम’ या संस्थेने २०१३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी, त्याचा गौरव केला. गायोलेच्या रस्त्यांवर बार्ताली आणि कोप्पी यांच्या संघांच्या रंगांतल्या जर्सी आजही मोठ्या संख्येने दिसतात.

१९८७ ही सीमा कशासाठी?

उत्सवात चालणाऱ्या सायकलीचे नियम नेमके आहेत. गिअर बदलण्याच्या खिट्ट्या फ्रेमच्या खालच्या तिरप्या नळीवर हव्यात. पायडलला बुटाचा पुढचा भाग अडकवण्याचा धातूचा पिंजरा आणि कातडी पट्टा हवा. ब्रेकच्या वायर हँडलवरून उघड्या गेलेल्या हव्यात, पट्टीखाली दडवलेल्या चालत नाहीत. चाकाची रिम बसकी आणि स्पोक किमान ३२ हवेत. नव्याने बांधलेली पोलादी सायकल या अटी पाळत असेल तर तिलाही मुभा मिळते.

या अटींमागे सायकलीच्या तंत्राचा इतिहास आहे. १९८४ च्या सुमारास दोन मोठे बदल झाले. जपानच्या शिमानो कंपनीने खिट्टी ‘टक्’ आवाजासरशी नेमक्या जागी थांबेल अशी गिअर पद्धत आणली. फ्रान्सच्या लुक कंपनीने बूट आपोआप अडकेल आणि टाच फिरवताच सुटेल असे पायडल आणले. १९८५ मध्ये बर्नार इनो याने ते वापरून ‘तूर’ जिंकली. पाठोपाठ ब्रेकच्या वायर हँडलच्या पट्टीखाली गेल्या आणि १९९० मध्ये गिअर व ब्रेक एकाच खटक्यात आले. १९८७ ची रेघ ही अशी दोन युगांमधली रेघ आहे. तिच्या अलीकडे यंत्र बराचसा अंदाज स्वतः घेते, पलीकडे तो स्वाराला घ्यावा लागतो.

सायकलीची घडण

या काळातली चांगली सायकल म्हणजे हाताने बांधलेली पोलादी फ्रेम. इंग्लंडच्या रेनॉल्ड्स कंपनीने १९३५ मध्ये आणलेली ‘५३१’ या क्रमांकाची मिश्र पोलादाची नळी आणि मिलानच्या कोलुंबुस कंपनीच्या नळ्या यांचा त्या जगात दबदबा होता. नळीची भिंत सगळीकडे सारखी जाड नसते. कोलुंबुसच्या ‘एसएल’ नळीची भिंत टोकांना ०.९ मिलिमीटर आणि मधे फक्त ०.६ मिलिमीटर असते. सांध्यावर ताण जास्त म्हणून तिथे जाडी, मधे ताण कमी म्हणून तिथे वजनाची बचत. नळ्या पोलादी खोबणींत बसवून पितळेने किंवा चांदीच्या मिश्रधातूने झाळत. कारागिराचा हात कसा होता हे त्या खोबणींच्या कडा पाहून अजूनही ओळखता येते. अशी सायकल साधारण १० किलोंची भरते. खडीवरचे हादरे पोलाद काही प्रमाणात जिरवते, म्हणून अनेकांना तिच्यावर बसणे सुखाचे वाटते.

गिअरच्या इतिहासात इटलीचा वाटा मोठा आहे. पूर्वी शर्यतीच्या सायकलीच्या मागच्या चाकाला दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या आकाराची दातेरी चक्रे असत. चढ आला की उतरायचे, चाक सोडवायचे, उलटे फिरवून बसवायचे आणि पुढे निघायचे. वेनेतो प्रांतातल्या विचेंझा शहराच्या तुल्लियो काम्पान्योलो याने ऐन थंडीत नट सोडवताना होणारी अडचण ओळखली, १९३० मध्ये एका खटक्यात चाक सुटणाऱ्या आसाचे पेटंट घेतले आणि १९३३ मध्ये कारखाना काढला. जगभर आजही अनेक सायकलींची चाके त्याच पद्धतीने काढली-बसवली जातात. ‘तूर द फ्रान्स’ने गिअर बदलणाऱ्या यंत्रणेला १९३७ मध्ये कुठे परवानगी दिली. काम्पान्योलोची ‘ग्रान स्पोर्त’ आणि नंतरची ‘रेकॉर्ड’ ही गिअरची घराणी गायोलेत भरणाऱ्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात सर्वाधिक मागणीची असतात. एखादा खटका किंवा ब्रेकची मूळ रबरे मिळवण्यासाठी लोक तासन्‌तास तिथल्या टेबलांवरची खोकी चाळत बसतात.

जुनी सायकल चालवायची कशी

अशा सायकलीवर गिअर बदलणे हे कसब आहे. एक हात हँडलवरून काढून खालच्या नळीपर्यंत न्यावा लागतो. उजवी खिट्टी मागच्या चक्रांसाठी, डावी पुढच्या. खिट्टी कुठेही अडत नाही, नुसती सरकते. चेन नेमकी चढली की नाही हे कानाने ओळखायचे. खरखर आली तर खिट्टी किंचित मागे किंवा पुढे घ्यायची. पायांचा जोर असताना चेन उडी मारत नाही, म्हणून गिअर चढावर शिरण्यापूर्वी बदलावा लागतो. वळणापलीकडे चढ आहे हे आधीच हेरणाऱ्याचे काम सोपे होते, उशीर करणाऱ्याला उतरून सायकल हाताने ढकलावी लागते.

त्यातही या सायकलींचे गिअर जड असतात. काम्पान्योलोच्या जुन्या ‘रेकॉर्ड’ क्रँकवर बहुधा ४२ दात्यांपेक्षा लहान चक्र बसत नाही. मागे सर्वांत मोठे चक्र २६ दात्यांचे धरले तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे ३.४ मीटर पुढे जाते. आजच्या सायकलीवर पुढे ३४ आणि मागे ३४ दाते सहज मिळतात, तेव्हा हेच अंतर सुमारे २.१ मीटर भरते. म्हणजे त्याच चढावर जुन्या सायकलीच्या स्वाराला प्रत्येक फेऱ्याला दीडपटीहून अधिक जोर लावावा लागतो, तोही मागचे चाक घसरू न देता. त्यामुळे माँते सान्ते मारीसारख्या तीव्र चढावर माणसे उतरून चालताना दिसतात आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही.

पायडलचा पट्टा आवळलेला असेल तर पाय ओढून बाहेर येत नाही. थांबायच्या आधी खाली वाकून बक्कल सैल करावे लागते. नवख्यांची पडझड बहुतेक इथेच होते, म्हणून गर्दीत आणि कच्च्या चढावर एक पट्टा मोकळा ठेवणे शहाणपणाचे. ब्रेकची पकडही आजच्या मानाने बेताची असते. उतारावर हात हँडलच्या खालच्या वाकात ठेवले तरच बोटांना पुरेसा जोर मिळतो. खडीवर पुढचा ब्रेक करकचून दाबला तर चाक घसरते. वजन मागे घ्यायचे, मागच्या ब्रेकवर भर द्यायचा आणि वेग वळणाआधीच उतरवायचा.

टायर बहुधा ‘ट्यूबलर’ जातीचे असतात. त्यांत ट्यूब टायरच्या आतच शिवलेली असते आणि सगळा टायर रिमवर सोल्युशनने चिकटवलेला असतो. पंक्चर झाले की तो ओरबाडून काढायचा, जादा टायर बसवायचा, हवा भरायची आणि नवे सोल्युशन पक्के धरेपर्यंत वळणे जपून घ्यायची. म्हणूनच जुन्या छायाचित्रांत सायकलपटूंच्या दोन्ही खांद्यांत आठाच्या आकारात अडकवलेला टायर दिसतो, आणि उत्सवातही अनेक जण तो तसाच नेतात. लांब उतारावर सतत ब्रेक दाबल्यास रिम तापून चिकट थर मऊ पडतो, हेही ध्यानात ठेवावे लागते.

निघण्यापूर्वीची तपासणी सर्वांत महत्त्वाची. जुने पोलाद वर्षानुवर्षे टिकते, पण हँडल आणि त्याला धरणारा ॲल्युमिनियमचा दांडा यांना बारीक तडे जातात आणि ते अचानक मोडतात. चिमट्याच्या मुळाशी आणि सांध्यांपाशी रंगावर केसासारखी रेघ दिसली तर ती फ्रेम रस्त्यावर नेऊ नये. वायर नव्या घालाव्यात, दगडासारखी कडक झालेली ब्रेकची रबरे बदलावीत, छर्रे धुऊन ताजे ग्रीस भरावे आणि चाकांचा आउट काढून घ्यावा. टायर कपाटात राहून वाळला असेल तर बाहेरून धड दिसला तरी तो बदलावा.

गायोलेचा रविवार

लांब मार्गाचे स्वार उजाडण्यापूर्वीच निघतात. सायकलीला पुढे-मागे दिवा बंधनकारक असतो. गावाबाहेर पडल्यावर थोड्याच वेळात ब्रोल्यो किल्ल्याचा चढ लागतो. एकोणिसाव्या शतकात इटलीचा पंतप्रधान झालेला आणि कियांती वाइनची घडी बसवणारा बेत्तीनो रिकासोली याच्या घराण्याचा हा किल्ला. सायप्रसच्या झाडांमधून वर जाणाऱ्या पांढऱ्या रस्त्याच्या दोन्ही कडांना छोटे दिवे लावलेले असतात. अंधारात रस्ता दिसत नाही, दिव्यांची वळत गेलेली रांग तेवढी दिसते आणि टायरखाली खडी कुरकुरत असते. सूर्य वर येईपर्यंत स्वार सिएनाच्या बाजूला पोचलेले असतात. पुढे माँताल्चिनो, बुओनकोन्वेंतो, अशानो, कास्तेल्नुओवो बेरार्देंगा अशी गावे घेत मार्ग पुन्हा कियांतीत शिरतो. एवढे अंतर न झेपणाऱ्यांसाठी निम्म्याहून कमी लांबीचे आणि त्याहूनही छोटे मार्ग आहेत, त्यामुळे मुले-म्हातारी माणसेही सहभागी होतात.

वाटेतल्या ठाण्यांवर शिक्का आणि जेवण एकत्रच मिळते. शक्तिवर्धक पाकिटांना इथे थारा नाही. ऑलिव्हचे तेल ओतलेला पाव, मेंढीच्या दुधाचे पेकोरिनो चीज, द्राक्षे, वाइनमध्ये भिजवून साखर भुरभुरलेला पाव आणि ‘रिबोल्लिता’ असे पदार्थ मांडलेले असतात. आदल्या दिवशीचा शिळा पाव, पांढऱ्या शेंगाबिया आणि पालेभाजी पुन्हा उकळून केलेले हे दाट सूप म्हणजे तोस्कानाच्या शेतकऱ्यांचे पोटभरीचे अन्न. वाढणारी माणसे त्या-त्या गावचीच असतात. उत्सवामुळे रस्त्यांबरोबर गावांनाही मिळकत होते, आणि कच्चा रस्ता राखण्यात गावाला आपले हित दिसते.

इतर देशांत आणि आपल्याकडे

गायोलेचे पाहून इतरत्रही असे मेळे सुरू झाले. ‘एरोइका’च्याच नावाने २०१३ मध्ये जपानमध्ये, २०१४ मध्ये इंग्लंडच्या पीक डिस्ट्रिक्टमध्ये आणि २०१५ मध्ये कॅलिफोर्नियात मेळा भरला. फ्रान्समध्ये ल्वार नदीकाठच्या सोम्यूर गावात २०११ पासून ‘आंजू व्हेलो व्हिंटेज’ हा जुन्या सायकलींचा मोठा उत्सव सुरू झाला.

भारतातली जुनी सायकल वेगळ्या कुळातली. शर्यतीसाठी नव्हे, तर ओझे वाहण्यासाठी आणि कामावर जाण्यासाठी ती बनली. २८ इंची चाके, सळ्यांचे ब्रेक, कॉटर पिनने बसवलेले क्रँक, मागे कॅरियर आणि डायनॅमोवरचा दिवा, असे तिचे रूप. हिंद, रॅले, हर्क्युलिस, ॲटलस ही नावे महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांच्या ओळखीची आहेत. एके काळी सायकलींचे शहर म्हणून मिरवणाऱ्या पुण्यात जुन्या सायकलींचे एक खासगी संग्रहालयही उभे राहिले आहे. पण संग्रहालयात ठेवलेल्या सायकलीचे रूप तेवढे टिकते. ती चालवण्याचे आणि दुरुस्त करण्याचे कसब टिकायचे असेल तर सायकल रस्त्यावर यावी लागते. कॉटर पिन ठोकून बसवणारे, सळ्यांचा ब्रेक जुळवणारे, हाताने चाक विणणारे कारागीर अजून पेठांत आणि तालुक्याच्या गावांत आहेत, मात्र त्यांची मुले या धंद्यात फारशी उतरत नाहीत.

गायोलेने एवढे सिद्ध केले आहे की जुनी वस्तू वापरात राहिली तर तिच्याभोवतीचे रस्ते, हुन्नर आणि गावेही टिकतात. ज्यांच्या घराच्या माळ्यावर किंवा जिन्याखाली आजोबांची सायकल पडून आहे, त्यांनी ती भंगारात देण्याआधी एकदा जवळच्या जुन्या मिस्त्रीकडे न्यावी. टायर-ट्यूब, ग्रीस, ब्रेकची रबरे आणि आउट एवढ्या खर्चात बहुतेक सायकली पुन्हा चालू लागतात.